बारावीच्या निकालानंतर: कागद, पसंतीक्रम आणि घर सोडण्याची तयारी

राज्य मंडळाचा बारावीचा निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर दिसू लागतो आणि दीड वाजल्यापासून माझा फोन वाजायला लागतो. २०२५ साली तो दिवस ५ मे रोजीच उजाडला, त्याच्या आदल्या वर्षी २१ मे रोजी. तारीख मागेपुढे होते, प्रश्न मात्र दर वर्षी तोच असतो. "सर, एवढ्या मार्कांत कुठं मिळेल?" सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अठरा वर्षे प्रवेशाचे मार्गदर्शन करतो आहे, आणि या प्रश्नाला मी उलट तीन प्रश्न विचारतो. जात वैधता हातात आली आहे का? दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरश: एक आहे का? आणि अर्ज कोण भरणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांना पालक गडबडतात. तिसऱ्याला हसतात, कारण अर्ज मी तरी भरणार किंवा चौकातला नेट कॅफेवाला तरी, हे त्यांनी धरूनच ठेवलेले असते.

माझ्या कार्यालयात अर्ज विद्यार्थ्यानेच भरायचा. संगणकासमोरच्या खुर्चीवर तो किंवा ती बसते, पालक मागच्या बाकावर बसतात आणि मी बाजूला उभा राहतो. नोंदणीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक घरातलाच असला पाहिजे, कारण पुढचे चार महिने प्रत्येक ओटीपी त्याच क्रमांकावर येणार असतो. कॅफेवाल्याचा क्रमांक दिल्यामुळे फेरीच्या शेवटच्या संध्याकाळी दुकान बंद सापडलेली मुले मी पाहिली आहेत. पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर, मुलाच्या अक्षरात लिहिलेला हवा. याला वेळ लागतो, पालकांची चुळबुळ होते, कधीकधी मुलगा स्वत:च्या आईच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग विचारायला मागे वळतो. वळू द्यावे. महाविद्यालयात गेल्यावर परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज हे सगळे त्यालाच करायचे आहे आणि तिथे मागे बाक नसतो.

निकालाचा पहिला आठवडा

गुणपत्रिका हाती आल्यावर आधी टक्के आणि पर्सेंटाइल यांच्यातला गोंधळ मिटवावा. बारावीला मिळालेले ९० टक्के म्हणजे शंभरातले नव्वद गुण. सीईटीचे, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे, ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी नव्वद टक्के मुले तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे. समजा एका गटातून तीन लाख मुले बसली, तर ९० पर्सेंटाइलच्या मुलाच्या पुढे सुमारे तीस हजार मुले उभी आहेत. हे कागदावर लिहून दाखवले की घरातला आवाज एकदम उतरतो, पण ते मे महिन्यातच कळलेले बरे. अभियांत्रिकीची राज्याची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते, म्हणजे ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के. त्यामुळे बारावीत दोन गुण वाढवून घेण्यासाठी धावाधाव करण्यापूर्वी ते गुण नेमके कुठे उपयोगी पडणार आहेत हे पाहावे.

जिथे ते खरोखर उपयोगी आहेत, म्हणजे पात्रतेची रेषा एकदोन गुणांनी हुकली आहे किंवा कला, वाणिज्य, विज्ञान शाखेचा प्रवेश बारावीच्या गुणांवरच होणार आहे, तिथे आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही, आणि प्रत मिळाल्यापासून मोजके दिवसच हातात असतात. प्रत आली की ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवावी. आपल्याच डोळ्यांनी पाहिली तर प्रत्येक उत्तराला चार गुण जास्त हवेत असे वाटते. एखादा विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच होते, तिचा अर्ज त्याच आठवड्यात कनिष्ठ महाविद्यालयात भरावा आणि घरातल्यांनी त्यावर फार बोलू नये.

कागद

प्रवेश गुणांवर मिळतो असे आपण म्हणतो, पण माझ्या पाहण्यातले जे प्रवेश हुकले त्यांतले बरेच कागदांवर हुकले. म्हणून मी अकरावीच्या वर्षातच पालकांना बोलावतो, आणि बहुतेक पालक अर्थातच बारावीच्या निकालानंतर येतात.

सर्वांत वेळखाऊ कागद जात वैधता प्रमाणपत्राचा. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या म्हणजे प्रांतांच्या सहीने मिळतो, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी त्या दाखल्याची पडताळणी होऊन समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि हे दोन कागद वेगळे आहेत हे अजूनही दर वर्षी कुणाला तरी समजावून सांगावे लागते. समिती पुरावा मागते तो ठरावीक तारखेच्या आधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे मुलाचा दाखला पुरत नाही, बापाचाही सहसा पुरत नाही. आजोबा किंवा पणजोबा यांच्यापर्यंत जावे लागते. त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४, कोतवाल बुकाची नक्कल, जुना फेरफार, जे मिळेल ते. आणि ते सगळे एका धाग्यात ओवणारी वंशावळ शपथपत्रावर. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाला, म्हणजे काका, आत्या, चुलतभाऊ यांना आधी वैधता मिळाली असेल तर ती प्रत सोन्यासारखी जपून आणावी, तिने काम निम्मे होते.

एका मुलीच्या पणजोबांची नोंद शोधायला मी तिच्या वडिलांबरोबर डोंगराकडच्या एका गावच्या शाळेत गेलो होतो. रजिस्टर लाल कापडात बांधलेले होते. शाई विटून तपकिरी झाली होती, पानाचा कोपरा वाळवीने खाल्ला होता आणि नावाच्या रकान्यात आडनाव नव्हतेच, फक्त स्वत:चे आणि बापाचे नाव. जातीचा रकाना स्वच्छ वाचता येत होता. पण आडनाव नसल्यामुळे हा माणूस या मुलीचा पणजोबाच कशावरून, हे सिद्ध करायला आम्हाला सातबाऱ्याचे जुने फेरफार काढावे लागले आणि त्यात सात आठवडे गेले. ती अकरावीत होती म्हणून सात आठवडे परवडले. मोडी लिपीतली नोंद निघाली तर वाचणारा जाणकार शोधावा लागतो, तोही जूनमध्ये भेटत नाही. वैधतेसाठी केलेल्या अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन नंतर मुदत देण्याची सवलत काही वर्षी मिळाली आहे. ती यंदाही मिळेल असे धरून चालणारा पालक माझ्या झोपेचे खोबरे करतो.

नॉन-क्रिमिलेयरचे, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचे, प्रमाणपत्र त्या मानाने सोपे, पण त्याची तारीख फसवी असते. प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावे लागते. फेब्रुवारीत घाईने काढून ठेवलेले आणि त्याच ३१ मार्चला संपलेले प्रमाणपत्र जूनमध्ये पडताळणीला नामंजूर होते आणि पालक म्हणतात, "अहो सर, आत्ताच तर काढलं होतं." अनुसूचित जाती आणि जमाती सोडून बाकी राखीव प्रवर्गांना ते लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रालाही हीच काळजी घ्यावी, शिवाय ते राज्याच्या ठरलेल्या नमुन्यातच असावे. केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र इथे आणि इथले तिकडे चालत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, अधिवासाचा दाखलाही आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करून मिळतो. सेवा हमी कायदा २०१५ पासून आहे आणि प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे, पण जूनमध्ये सेवा केंद्राबाहेरची रांग रस्त्यापर्यंत येते. दिवाळीच्या सुट्टीत तिथे गर्दी नसते. तेव्हा जावे.

नावाचा घोळ हा वेगळाच प्रकार. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढा फरक चालतो. पण एका कागदावर वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर घरगुती नाव, किंवा एकीकडे शेवटी एक ए आणि दुसरीकडे दोन, असे असेल तर अर्जाच्या छाननीत शेरा येतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव प्रमाण धरून आधार, बँक खाते आणि दाखले तिच्याप्रमाणे करून घ्यावेत, उलट दिशेने जाऊ नये. मंडळाकडून गुणपत्रिकेतले नाव दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या मूळ प्रतीवर महाविद्यालयाचा शिक्का बसण्यापूर्वी रंगीत स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये किंवा मेलवर ठेवावे. मूळ प्रमाणपत्रे पडताळून परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणणे आहे, हेही पालकांना माहीत असावे.

पसंतीक्रम

आता तो भाग, ज्यासाठी लोक माझ्याकडे येतात. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, जिला सगळे कॅप राउंड म्हणतात, पर्यायांची यादी भरायची असते आणि संगणक वरून खाली येत, तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला जो पहिला पर्याय मिळू शकतो तो देतो. यातच सगळे आले. खालचा पर्याय वर लिहिल्याने तो "पक्का" होत नाही, आणि वरचा पर्याय हिमतीने लिहिल्याने खालचा हातचा जात नाही. तरीही दर वर्षी मुले भीतीने यादी उलटी भरतात.

मीही एकदा भरली आहे. माझ्या व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाचा अर्ज मीच भरला. त्याच्या वडिलांना शेतातून यायला उशीर होणार होता आणि मुलगा गप्प होता. मुलाला जवळचे महाविद्यालय तरी नक्की मिळावे म्हणून ते मी सर्वांत वर टाकले आणि त्याला मनापासून हवे असलेले कोल्हापूरचे चौथ्या क्रमांकावर. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, आणि तो मिळाल्यावर वर सरकायला जागाच उरली नव्हती. याद्या लागल्यावर पाहिले तर कोल्हापूरच्या त्या शाखेचा शेवटचा क्रमांक त्याच्या क्रमांकाच्या बराच खाली गेला होता. मुलगा काही बोलला नाही. वडील म्हणाले, "चालायचंच सर." खुर्ची विद्यार्थ्याची, हा नियम त्या वर्षापासूनचा आहे.

तेव्हा यादी भरताना दोन कागद घ्यावेत. पहिल्या कागदावर कटऑफ, म्हणजे गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला ते, न पाहता, मिळेल की नाही याचा विचार न करता, खरोखर हवे त्या क्रमाने महाविद्यालये आणि शाखा लिहाव्यात. सांगलीचे वालचंद, पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय ही नावे सगळ्यांच्याच कागदावर असतात, ती लिहायला लाजू नये. मग दुसऱ्या कागदावर गेल्या दोन वर्षांच्या कटऑफ याद्या घेऊन खालच्या बाजूला पुरेसे सुरक्षित पर्याय जोडावेत. क्रम पहिल्या कागदाचा, लांबी दुसऱ्या कागदाची. पन्नास पर्याय भरायला कंटाळणाऱ्या मुलांना मी चहा पाजतो आणि पुन्हा बसवतो.

कटऑफ यादी वाचता येणे ही एक छोटी विद्या आहे. यादीत जीओपनएच, एलओपनएस, जीओबीसीओ अशी इंग्रजी अक्षरांची जुडी दिसते. पहिले अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखलेली; मधला भाग प्रवर्ग सांगतो; शेवटचे अक्षर एच म्हणजे स्वत:च्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ओ म्हणजे इतर विद्यापीठ क्षेत्रांतून येणाऱ्यांसाठी, एस म्हणजे राज्य पातळीवरची. त्याखाली आधी गुणवत्ता क्रमांक आणि मग कंसात पर्सेंटाइल असते. मुलींनी जी आणि एल अशा दोन्ही ओळी पाहाव्यात, कारण त्यांचा विचार दोन्हीकडे होतो. ज्यांनी राखीव प्रवर्गातून अर्ज केला आहे त्यांनी खुल्या ओळीही पाहाव्यात. स्वत:चे विद्यापीठ कोणते, यावर मात्र हमखास चूक होते. ते तुमच्या गावावरून नव्हे, तर बारावी जिथून उत्तीर्ण झालात त्या ठिकाणावरून ठरते. सांगली, सातारा, कोल्हापूर हे जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. पण आमच्या भागातून अकरावी-बारावीला लातूरला गेलेल्या मुलाचे विद्यापीठ नांदेडचे धरले जाते, आणि मग त्याने कोल्हापूरची एचची ओळ पाहून केलेले सगळे हिशेब चुकतात.

फेऱ्यांचे नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, म्हणून सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचण्याला पर्याय नाही. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशाला चार फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तर तो घ्यावाच लागेल, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, असा नियम होता. म्हणून वरच्या सहा ओळींत "बघू, मिळालं तर विचार करू" अशा जातीचा एकही पर्याय नको. त्यानंतरचा पर्याय मिळाला तर जागा राखून पुढच्या फेरीत वरच्यासाठी थांबता येते. मात्र जागा स्वीकारण्याचे शुल्क मुदतीत भरले पाहिजे, आणि मुदत म्हणजे घड्याळातली वेळ. शेवटच्या तासाला संकेतस्थळ अडखळते हे गृहीत धरून आदल्या दिवशीच मोकळे व्हावे.

शाखा मोठी की महाविद्यालय मोठे, यावर माझे मत विचाराल तर मुलाला त्या विषयाचे बारावीचे पुस्तक उघडावेसे वाटते का, ते आधी बघावे. सध्या सगळ्यांना कॉम्प्युटर हवे आहे. त्यातल्या निम्म्या मुलांनी कधी एक ओळ प्रोग्राम लिहिलेला नसतो, आणि सिव्हिलला जाणाऱ्या मुलाकडे मात्र नातेवाईक सहानुभूतीने पाहतात. साखर कारखाने, उपसा सिंचन आणि रस्त्यांच्या या जिल्ह्यात मला ती सहानुभूती कळत नाही. महाविद्यालय निवडण्याआधी तिथे एकदा जाऊन यावे, शक्यतो सुट्टी नसलेल्या दिवशी. प्रवेश विभागात न जाता आधी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबावे आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे की प्रयोगशाळेत एका यंत्रावर किती जण असतात, ग्रंथालय रात्री किती वाजता बंद होते, आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते.

बाकीचे रस्ते

अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या पलीकडेही प्रवेश परीक्षा आहेत, हे पालकांना उशिरा कळते. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम यांसारख्या अभ्यासक्रमांना राज्याची सीईटी लागू झाली, तेव्हा वाणिज्य शाखेतली कितीतरी मुले बेसावध सापडली. त्या वर्षी पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. विधीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, कृषी, औषधनिर्माण या सगळ्यांची नोंदणी निकालाच्या कित्येक महिने आधी सुरू होऊन संपते. बारावीच्या डिसेंबरमध्येच सीईटी कक्षाचे वेळापत्रक भिंतीवर लावावे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही देशपातळीवरची सामाईक परीक्षा आहे, तिच्या वाटेला आमच्याकडची मुले कमी जातात. भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांत रस असलेल्या मुलांनी जरूर जावे.

पारंपरिक बीए, बीएस्सी, बीकॉमला जाणाऱ्यांसाठी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी हे शब्द अंगावर येतात. प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात, ज्यांना सगळे क्रेडिट म्हणतात. वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक मिळवायचे, तीन वर्षांनी १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी, आणि चौथे वर्ष केले तर १६० ते १७६ वर ऑनर्स. एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतला खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान परंपरा अशी मांडणी असते. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला एवढेच विचारावे की मला हवा तो विषय मुख्य म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत इथे शिकवला जाईल का, आणि चौथे वर्ष इथे आहे का. पुष्कळ ठिकाणी माहितीपत्रकात विषय असतो आणि शिक्षक नसतो. श्रेयांक साठवण्यासाठी शैक्षणिक श्रेयांक बँकेचा क्रमांक लागतो, तो डिजिलॉकरमधून काढता येतो. त्यावरचे नावही दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच.

पैसा

शुल्काची पावती एक नसते. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस असे तुकडे असतात आणि सवलत यांतल्या काहींवरच मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याचा आमच्या भागात फार चांगला परिणाम मी पाहतो आहे, पण "मुलीला सगळं फुकट" असे समजून आलेल्या वडिलांना विकास शुल्काचा आणि मेसचा आकडा दाखवावा लागतो. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती गेली. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार अशा योजना आहेत. यांतल्या बहुतेकांचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो, काहींचे संकेतस्थळ वेगळे असते, आणि अर्ज दर वर्षी नव्याने करायचा असतो.

शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे न येण्याचे नेहमीचे कारण बँकेत असते. खात्याला आधार "जोडणे" आणि आधार "सीडिंग" होणे, म्हणजे शासनाचे पैसे जमा होण्यासाठी ते खाते आधारशी नोंदवले जाणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ केवायसीसाठी दिलेला आधार क्रमांक पुरत नाही. शासनाचे पैसे ज्या खात्याशी आधार शेवटचे सीड झाले आहे तिथे जातात, मग ते खाते तुम्ही विसरलेले असो की आईने गॅस अनुदानासाठी उघडून दिलेले असो. बँकेत जाऊन तसा अर्ज मुलाने स्वत: द्यावा आणि पोच घ्यावी. शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल तर प्रवेश नक्की झाल्यावर नव्हे, यादी लागण्यापूर्वीच शाखेत चौकशी करावी; कागदांची यादी लांबलचक असते आणि व्यवस्थापक पावसाळ्यात बदलून जातात.

घर सोडताना

खोली पाहायला मुलाने बरोबर जायलाच हवे. पुण्यात कॉट बेसिसवर जागा मिळते, म्हणजे खोली नव्हे तर खोलीतली एक कॉट भाड्याने. डिपॉझिट किती, वीजबिल कसे वाटले जाते, पाणी किती वेळ येते आणि घरमालक दहानंतर फाटकाला कुलूप लावतो का, हे विचारावे. मेसचे पैसे पहिल्या महिन्यात एकाच महिन्याचे भरावेत, जेवून पाहावे. प्रवेश घेताना रॅगिंगविरोधी शपथपत्र ऑनलाइन भरावे लागते. ते भरताना त्यावरचा १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा आणि तो आईवडिलांनाही द्यावा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे पहिले दोन महिने अवघड जातात. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांचे प्रश्न मराठीतही मिळतात. महाविद्यालयात व्याख्यान आणि जर्नल इंग्रजीत असते. यावर मला एकच उपाय लागू पडताना दिसला आहे: सुट्टीतच पहिल्या सत्राच्या एका पुस्तकातली रोज दोन पाने मोठ्याने वाचायची, आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ समासात मराठीत लिहायचा. चांगले बोलता यावे म्हणून महागडे वर्ग लावून उपयोग झालेला मी पाहिला नाही. जर्नल वेळेवर तपासून घेणे, हजेरी भरून टर्म ग्रँट होऊ देणे, म्हणजे सत्र मान्य करून घेणे, अंतर्गत परीक्षेला दांडी न मारणे, या गोष्टी कनिष्ठ महाविद्यालयात कुणीतरी मागे लागून करून घेत असे. इथे सूचना फलकावर कागद लागतो, किंवा वर्गाच्या गटावर संदेश येतो, आणि संपले.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात मी पालकांना तीन कामे सांगतो. मुलाला एकट्याने बँकेत पाठवून पासबुक भरून आणायला लावा. एकट्याने एसटीने तालुक्याच्या गावी जाऊन एखादा दाखला काढून आणू द्या. आणि एक फाइल करून द्या, तिच्यात मूळ कागद एका खणात, प्रत्येकाच्या पाच छायाप्रती दुसऱ्या खणात, पासपोर्ट आकाराचे दहाबारा फोटो तिसऱ्यात. फाइलवर नाव त्याने स्वत: लिहावे.

पहिल्या सत्राचा निकाल लागतो तेव्हा पुन्हा माझा फोन वाजतो, या वेळी दुपारी नव्हे, रात्री नऊनंतर. गणित राहिलेले असते, किंवा ग्राफिक्स. वडील विचारतात, "सर, वर्ष गेलं का?" वर्ष गेलेले नसते. ए.टी.के.टी. म्हणजे तो विषय घेऊन पुढच्या सत्रात जाता येते, त्याचा परीक्षा अर्ज ठरलेल्या मुदतीत भरावा लागतो, विलंब शुल्कासह भरायची वेगळी तारीख असते, एवढे मी सांगतो. मग फोन मुलाकडे द्यायला सांगतो आणि त्याला विचारतो की सूचना लागली आहे का. बहुतेक वेळा त्याने ती आधीच वाचलेली असते.